पाच सेकंदांचा कॅमेरा मूव्ह आणि माझे अडीच महिने

४ जानेवारीला हा शॉट घ्यायला पहिल्यांदा बसले आणि १९ मार्चला तो झाला. शॉट केवढा, तर कॅमेऱ्याची हालचाल पाच सेकंदांची. एक म्हातारा घड्याळजी टेबलाशी बसून घड्याळ दुरुस्त करतोय, कॅमेरा फळीवरच्या घड्याळांवरून आडवा सरकत त्याच्यापर्यंत येतो आणि थांबतो. मी स्टॉप मोशन करते, म्हणजे बाहुली जराशी हलवायची, एक फोटो काढायचा, पुन्हा हलवायची, आणि ते फोटो ओळीने दाखवले की बाहुली हलताना दिसते. बाहुल्या हलवायची मला बऱ्यापैकी सवय आहे पण कॅमेरा मी तोवर कधीच हलवला नव्हता, सगळे शॉट ट्रायपॉड घट्ट बांधून घेतलेले. सुरुवातीला जिथे जिथे अडकले तिथे साध्या भाषेत सांगणारं कोणी भेटलं नाही म्हणून हे सगळं तारखांसकट लिहून ठेवतेय, डोप शीटवर, म्हणजे कोणत्या फ्रेमला काय करायचं ते लिहायच्या तक्त्यावर, नोंदी होत्या त्यामुळे आठवायला सोपं गेलं.

पहिला प्रयत्न अगदी सरळ होता. टेबलाच्या कडेला पट्टी चिकटवली, छोटा ट्रायपॉड तिला लावून ठेवला आणि दर फोटोनंतर हाताने ३ मिलीमीटर पुढे. सेकंदाला २४ फ्रेम लागतात पण मी एरवी टूजवर काम करते, म्हणजे एक फोटो दोन फ्रेम धरून ठेवायचा, सेकंदाला १२ फोटो. कॅमेराही तसाच हलवला, पाच सेकंदांना ६० फोटो, तीन तास गेले. प्ले करून पाहिलं तर चित्र नुसतं थरथरत होतं, वर खाली पण आणि आडवं पण, आणि फळीवरच्या प्रत्येक घड्याळाची कड दोन दोन दिसत होती.

ह्यात दोन वेगळ्या चुका मिसळल्या होत्या आणि त्या सुट्या करायलाच मला आठवडा लागला. एक म्हणजे टूज. बाहुलीचा हात टूजवर हलला तर डोळा ते सहज खपवून घेतो पण अख्खं चित्र सरकत असताना डोळा त्याच्या मागे मागे जात असतो, आणि चित्र मात्र दोन फ्रेम उभं राहतं आणि मग उडी मारतं, म्हणून कडा दुहेरी दिसतात. कॅमेरा हलणार असेल तर वन्सवरच घ्या, दर फ्रेमला नवा फोटो, ह्यात सवलत नाही. बाहुलीचं तसं नाही, माझा घड्याळजी जागेवर बसलेला आहे म्हणून त्याचे हात मी शेवटपर्यंत टूजवरच ठेवले आणि चाललं, पण चालणाऱ्या बाहुलीच्या बरोबरीने कॅमेरा न्यायचा असेल तर बाहुलीही वन्सवर घ्यावी लागेल नाहीतर तीच फ्रेममध्ये मागेपुढे हिसके खात राहील.

दुसरी चूक हाताची. माझ्या फ्रेममध्ये घड्याळजीच्या अंतरावर साधारण ४०० मिलीमीटर रुंदी मावते आणि चित्र १९२० पिक्सेलचं, म्हणजे एका मिलीमीटरला जवळजवळ ५ पिक्सेल. पट्टी बघून हाताने सरकवताना अर्धा मिलीमीटर इकडेतिकडे होणारच, तो पडद्यावर अडीच पिक्सेलचा धक्का होतो. एकटा धक्का दिसणार नाही कदाचित, पण दर फ्रेमला वेगवेगळ्या मापाचा आला की थरथर. हा हिशोब तुमच्या सेटचा तुम्ही नक्की करा, फ्रेमच्या मध्यभागी पट्टी धरून एक फोटो काढला की झालं, मग आपल्याला किती बारकाव्याची गरज आहे ते आकड्यात समोर येतं.

मधे १० तारखेला सोपा मार्ग पण करून बघितला. मोठ्या रेझोल्यूशनमध्ये कॅमेरा न हलवता फोटो घ्यायचे आणि नंतर कॉम्प्युटरवर चौकट सरकवायची. सरकणं अगदी गुळगुळीत आलं, पण टेबलावरचा दिवा, घड्याळजी आणि मागची फळी सगळे एकाच वेगाने सरकले, जणू एकाच कागदावर छापलेत. कॅमेरा खरा सरकतो तेव्हा जवळची वस्तू भराभर जाते आणि लांबची हळू, आणि त्यावरूनच तर डोळ्याला कळतं की ही खोली आहे, हिला खोलपणा आहे. तुमचा सेट चपटा असेल, कागदी कटआउटचा वगैरे, तर हाच मार्ग घ्या, मनापासून सांगते, पुढचं सगळं वाचायची गरज नाही. मला मात्र तो दिवा फळीसमोरून सरकताना दिसायला हवा होता.

मग दोन आठवडे मोटरच्या मागे गेले. स्टेपर मोटर एका फेऱ्यात २०० पावलं टाकते, आर्डुइनोने, म्हणजे एका छोट्या प्रोग्रॅम करता येणाऱ्या सर्किट बोर्डने, चालवता येते, आणि ड्रॅगनफ्रेम ह्या स्टॉप मोशनच्या सॉफ्टवेअरमध्ये तर पडद्यावर वक्ररेषा काढून कॅमेऱ्याची हालचाल ठरवता येते, दर फोटोला कॅमेरा आपोआप पुढे जातो. वाचून फार हुरूप आला. पण तयार मोटरवाला स्लायडर माझ्या कॅमेऱ्यापेक्षा महाग पडत होता आणि स्वतः बनवायचा तर आधी इलेक्ट्रॉनिक्स शिकावं लागणार. ज्यांना ते येतं त्यांनी जरूर करावं. मी एका शॉटसाठी हातानेच करायचं ठरवलं, तसंही ती वक्ररेषा कशी असावी हे मोटरला पण आपणच सांगायचं असतं.

२६ जानेवारीला दुसरा प्रयत्न. ड्रॉवरला लावतात ती चॅनल आणली, एका जाड फळीवर दोन चॅनल समांतर ठोकली, वर प्लायचा तुकडा आणि त्यावर कॅमेरा. आधी एकच चॅनल लावलं होतं तर कॅमेरा एका बाजूला कलत होता, दोन चॅनल आणि कॅमेऱ्याचं वजन बरोबर मधे आल्यावर कलणं बंद झालं. फळी टेबलाला सी-क्लॅम्पने चारही कोपऱ्यांत आवळली. वर खाली उडणं त्या दिवसापासून संपलं ते संपलंच. आता वन्सवर, दर फ्रेमला कागदी पट्टी बघून सारख्या अंतराने.

मधला भाग बरा आला होता. पण सुरुवात आणि शेवट बघवत नव्हते. कॅमेरा उभा असायचा आणि एकदम कोणीतरी मागून ढकलल्यासारखा निघायचा, आणि शेवटी भिंतीला धडकल्यासारखा थांबायचा. मला वाटलं चॅनल हलतंय, म्हणून मी चार दिवस चॅनल आवळत बसले, तेल घातलं, पुसलं. चॅनलचा काहीच दोष नव्हता. खरी कोणतीही वजनदार गोष्ट शून्यावरून एकदम पूर्ण वेगाला जात नाही, हळूहळू वेग धरते आणि हळूहळू सोडते. मी बाहुलीच्या प्रत्येक हालचालीला हे करत आलेय, हात उचलताना पहिल्या दोन तीन फ्रेम अगदी बारीक, आणि कॅमेऱ्याच्या बाबतीत ते माझ्या डोक्यातच आलं नाही कारण कॅमेरा मला पात्र वाटतच नव्हता. तोही पात्रच आहे, त्यालाही वजन आहे. पुढचे दीड महिने खरं तर ह्या एका गोष्टीवर गेले.

म्हणजे आता सुरुवातीच्या हालचाली मिलीमीटरच्याही आत न्यायच्या होत्या, आणि ते पट्टीने होत नाही. ओळखीचे एक फिटर काका आहेत, त्यांना फळी दाखवली तर ते म्हणाले, "अगं ढकलतेस कशाला, रॉड लाव, आटे मोज." आख्खा आटे पाडलेला एम ६ चा, म्हणजे ६ मिलीमीटर जाडीचा, रॉड मिळतो, त्याची पिच १ मिलीमीटर असते, म्हणजे रॉड एक पूर्ण फेरा फिरवला की त्यावरचा नट बरोबर १ मिलीमीटर पुढे सरकतो, आणि नटाबरोबर प्लाय आणि कॅमेरा. पाव फेरा म्हणजे पाव मिलीमीटर. रॉडच्या टोकाला एक चकती बसवली, बाजूला एक टोकदार काटा स्थिर ठेवला आणि चकतीवरच्या खुणा काट्याशी जुळवायच्या. आठ फेब्रुवारीपर्यंत हे तयार झालं.

आता किती फिरवायचं हा प्रश्न. १२० हालचालींत १९२ मिलीमीटर जायचं होतं. मी आधी कोसाइनचं सूत्र वापरून तक्ता केला, पहिली हालचाल ०.०३ मिलीमीटर म्हणजे चकतीचे १२ अंश, मग साडेपस्तीस, मग एकोणसाठ, असं करत मधे अडीच मिलीमीटरपर्यंत चढत जायचं. कागदावर सुंदर दिसतं. पण कोनमापक घेऊन दर फ्रेमला वेगळा अपूर्णांक मोजताना, त्यात बाहुली पण हलवायची, चाळिसाव्या फ्रेमच्या आसपास आपण कुठे आहोत तेच कळेना. दोनदा केलं, दोन्ही वेळा तिथेच सोडून दिलं. त्या आठवड्यात हा शॉटच फिल्ममधून काढून टाकावा असं फार वाटलं.

सुटका झाली ती चकतीवर फक्त २४ खुणा करून. एक खूण म्हणजे १५ अंश. पहिल्या हालचालीला १ खूण फिरवायची, दुसऱ्या हालचालीला ३ खुणा, मग ५, ७, ९, असे विषम आकडे चोविसाव्या हालचालीपर्यंत, तिथे ४७ येतात. त्यानंतर ४८ खुणा म्हणजे बरोबर दोन पूर्ण फेरे, दर फ्रेमला २ मिलीमीटर, अशा ७२ हालचाली. आणि मग उलट ४७, ४५, ४३ करत १ वर येऊन थांबायचं. पहिला सेकंद वेग धरण्यात, तीन सेकंद सारखा वेग, शेवटचा सेकंद वेग सोडण्यात. बेरीज करून बघा, २४ अधिक १४४ अधिक २४, बरोबर १९२. विषम आकडेच का, तर वेग एकसारखा वाढत असेल तर सारख्या वेळात कापलेली अंतरं १, ३, ५, ७ ह्याच प्रमाणात येतात, उतारावरून घरंगळणाऱ्या गोळ्याबद्दल गॅलिलिओने हेच सांगितलं होतं. शाळेत वाचलेलं इथे हाताला लागलं तेव्हा मला खरंच आनंद झाला.

ह्याचा अजून एक मोठा फायदा म्हणजे चूक लगेच पकडता येते. विषम आकड्यांची बेरीज वर्गसंख्या येते, त्यामुळे बाराव्या हालचालीनंतर १४४ खुणा होतात म्हणजे सहा पूर्ण फेरे, काटा शून्यावर आणि पट्टीवर ६ मिलीमीटर. चोविसाव्यानंतर पुन्हा काटा शून्यावर आणि पट्टीवर २४. तिथे नसेल तर कुठेतरी मोजायला चुकलोय. डोप शीटवर मी हे रकानेच केले, फ्रेम नंबर, किती खुणा, काटा कुठे हवा, पट्टीवर किती हवं, बाहुलीने काय करायचं, आणि झालं की टिक. हा कागद आधी बनवा आणि मगच सेटला हात लावा.

२२ फेब्रुवारीला बाहुली न हलवता नुसत्या कॅमेऱ्याची रंगीत तालीम घेतली. दर फोटोला दहा सेकंद धरले तर १२१ फोटो वीस मिनिटांत होतात, आणि ही वीस मिनिटं पुढचा अख्खा दिवस वाचवतात, मी अशा एकूण अकरा तालमी घेतल्या. मधले तीन सेकंद लोण्यासारखे आले पण सुरुवातीच्या सेकंदात बारीक डुलणं होतं. रॉड किंचित वाकडा होता, फिरताना कॅमेऱ्याला आडवं ढकलत होता. मधल्या भागात दर फ्रेमला पूर्ण फेरे असल्यामुळे रॉडचा बाक दर वेळी त्याच दिशेला यायचा म्हणून दिसत नव्हता, सुरुवातीला अर्धवट फेरे म्हणून दिसत होता. उपाय असा केला की नट प्लायला पक्का बांधायचाच नाही, त्याने फक्त मागून टेकून ढकलायचं, आणि नट स्वतः फिरू नये म्हणून त्याला एक पट्टी जोडली जी चॅनलला टेकून राहते. प्लायला पुढून दोरी बांधून ती नटाकडे ओढत नेली आणि पुलीवरून अर्ध्या किलोचं वजन टांगलं, त्यामुळे प्लाय कायम नटाला घट्ट चिकटून राहतो. आट्यांमध्ये जो ढिलेपणा असतो, फिटर ज्याला प्ले म्हणतात, तो पण ह्याच वजनाने गेला. तरी एक नियम पाळाच, रॉड नेहमी एकाच दिशेने फिरवत जागेवर आणायचा. जास्त फिरवला गेला तर नुसता मागे आणून थांबू नका, दोन तीन फेरे मागे जा आणि पुन्हा पुढे येत खुणेवर थांबा.

आता कॅमेरा नीट सरकत होता तर बाकीचे दोष दिसायला लागले. सगळ्यात त्रासाचा होता टेबलावरचा दिवा. तो कॅमेऱ्यापासून घड्याळजीच्या निम्म्या अंतरावर होता म्हणून पडद्यावर दुप्पट वेगाने सरकत होता, फ्रेमला जवळजवळ १९ पिक्सेल, आणि तडतड उड्या मारताना दिसत होता. खऱ्या शूटिंगमध्ये कॅमेरा हलत असताना शटर उघडं असतं म्हणून चित्र थोडं पुसट येतं आणि उड्या लपतात, आपला कॅमेरा फोटोच्या वेळी उभा असतो त्यामुळे प्रत्येक फ्रेम कडक. कॅमेरामन लोकांचा जुना ठोकताळा आहे की एखाद्या वस्तूला फ्रेमच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जायला निदान सात सेकंद द्यावेत. २४ फ्रेमच्या हिशोबाने ते फ्रेमला साधारण ११ पिक्सेल पडतात. घड्याळजी माझ्या वेगात ह्यात बसत होता, दिवा बसत नव्हता. दिवा मागे नेला, आणि ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं उजेड आत घेणारं भोक, एफ १६ वरून एफ ८ वर आणलं, म्हणजे मोठं केलं, त्यामुळे तो थोडा फोकसबाहेर गेला, त्या पुसट कडांनी बरंच काम केलं.

लुकलुकणं, म्हणजे फोटोगणिक उजेड कमीजास्त होणं, हा वेगळा विषय आहे, थोडक्यात सांगते. कॅमेऱ्यावर सगळं मॅन्युअल, एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स, फोकस, सगळं. लेन्सचं स्टॅबिलायझेशन, म्हणजे हाताची थरथर सावरणारी सोय, बंद करा, माझं चालू राहिलं होतं आणि दर फोटोला फ्रेम केसभर सरकत होती, तीन तालमी त्यात गेल्या. लेन्स दर फोटोला ॲपर्चर बंद करून उघडते तेव्हा ते दर वेळी अगदी त्याच मापाला बंद होत नाही, म्हणून मी हाताने ॲपर्चर फिरवायची जुनी लेन्स अडॅप्टर लावून वापरली. खिडक्या काळ्या कापडाने बंद. कपडे गडद, आणि फोटोच्या वेळी रोज त्याच जागी उभं राहायचं, कारण पांढऱ्या शर्टाचा उजेड सेटवर पडतो. बॅटरीच्या जागी वीजेवर चालणारी डमी बॅटरी घाला, मधे बॅटरी बदलायला कॅमेऱ्याला हात लागला की शॉट गेला. तिची ऑर्डर यायला बारा दिवस लागले, आधीच मागवली असती तर बरं झालं असतं. फोटो यूएसबी केबलने कॉम्प्युटरवरूनच काढायचे, आणि ती केबल फळीला टेपने बांधा, लोंबती ठेवलीत तर ती सरकत्या कॅमेऱ्याला ओढते.

१९ मार्चला सकाळी साडेसातला बसले. शॉट एका बैठकीतच संपवायचा हे ठरलेलं, रात्रभरात लाकूड हलतं, क्ले बसते, दिव्याचा उजेड बदलतो आणि जोड दिसतोच. दिवे लावून अर्धा तास नुसते तापू दिले. हलायच्या आधी अर्धा सेकंद आणि थांबल्यावर अर्धा सेकंद कॅमेरा स्थिर ठेवला, बारा बारा फ्रेम, म्हणजे एकूण १४५ फोटो. थांबणं दिसायचं असेल तर थांबल्यानंतरचा हा अर्धा सेकंद लागतोच. क्रम एकच ठेवला, आधी रॉड, मग पट्टी वाचायची, मग बाहुली, मग टिक, मग मागे सरकून फोटो. एका फोटोला साधारण चार मिनिटं.

सदुसष्टाव्या हालचालीला पट्टीवर ११० हवं होतं आणि १०९ होतं. दोन फेऱ्यांऐवजी एकच फिरवला होता, काटा मात्र शून्यावरच, म्हणून नुसत्या चकतीवर भरवसा ठेवला असता तर कळलंच नसतं. फोटो काढायच्या आधी दिसलं, अजून एक फेरा फिरवला आणि पुढे गेले. हात गार पडले होते पण. शहाण्णवला १६८, एकशे आठला १८६, दोन्ही वेळा काटा शून्यावर. शेवटच्या सेकंदात बोटं आपोआप हळू झाली, ९, ७, ५, मग ३, मग एक खूण. पुढचे बारा फोटो रॉडला हात न लावता. सव्वासहा वाजले.

फाइल बनवून प्ले केली. पहिल्यांदा बघताना मी पूर्ण वेळ त्याच्या हातातल्या चिमट्याकडे बघत होते, कॅमेरा बघायचा राहूनच गेला, तो बघायला पुन्हा प्ले करावी लागली.

फळी अजून टेबलावरून काढलेली नाही. पुढच्या शॉटमध्ये कॅमेरा आडवा नाही तर सरळ त्याच्या चेहऱ्याकडे जाणार आहे, त्यामुळे दर फ्रेमला फोकसही बदलावा लागेल. फोकस रिंगवर कागदी टेप गुंडाळून झालीये, दर २४ मिलीमीटरला थांबून फोकस जुळवायचा आणि टेपवर खूण करायची, मधल्या खुणा त्यावरून वाटून घ्यायच्या असा विचार आहे. चार खुणा झाल्यात.